स्टॅट्स झालं म्हणजे मॅथ झालं, असं नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, की अमेरिकेत मुलांना आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला घाला आणि मग मोठ्या युनिव्हर्सिटीच्या बिझनेस स्कूलला ट्रान्सफर घ्या, पैसे वाचतात आणि डिग्री तीच मिळते. पत्रातली एकही गोष्ट चूक नव्हती, आम्हीपण अगदी हाच विचार करून मुलीला कम्युनिटी कॉलेजला घातलं होतं. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना इथे एका युनिटला ४६ डॉलर फी आहे, म्हणजे पाच युनिटचा कोर्स २३० डॉलरला पडतो, हे ऐकून कोणीही तिकडेच वळेल. पण त्या अख्ख्या पत्रात मॅथबद्दल एक ओळ नव्हती, आणि आमच्या मुलीचं एक पूर्ण वर्ष त्या मॅथनेच खाल्लं, म्हणून लिहायला बसले. लांबलं तर लांबू दे, पण कृपया कापू नका, कारण यातला जो तपशील आहे तोच आम्हाला तेव्हा कोणी सांगितला नव्हता.

मुख्य गोष्ट आधी सांगते. युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळायला लागणारं मॅथ वेगळं आणि बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश मिळायला लागणारं मॅथ वेगळं. दोन याद्या आहेत, आणि पहिली यादी पूर्ण झाली की सगळ्यांना वाटतं झालं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं, म्हणजे ज्याला सगळे यूसी म्हणतात त्याचं उदाहरण घ्या. तिथे ज्युनियर म्हणून, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, ट्रान्सफर घ्यायला ६० सेमिस्टर युनिट लागतात, इथल्या रहिवाशांना किमान २.४ जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी ग्रेड, लागतो, आणि सात ठरावीक कोर्स सी किंवा वरच्या ग्रेडने झालेले लागतात, दोन इंग्लिशचे, एक मॅथचा आणि चार इतर विषयांतले. त्या सातांत मॅथचा जो एक कोर्स आहे तो स्टॅटिस्टिक्स घेऊनही भागतो. सीएसयू, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचं पण तसंच, तिथे ज्याला गोल्डन फोर म्हणतात त्यात एक मॅथचा कोर्स असतो आणि तोसुद्धा स्टॅट्सने भागतो. इथपर्यंत सगळं छान. पण ही झाली दरवाजाच्या आत येण्याची अट. आत बिझनेस स्कूलचा दुसरा दरवाजा आहे आणि त्याची यादी निराळी, त्यात स्टॅट्स तर असतंच पण बऱ्याच ठिकाणी कॅल्क्युलसही असतं. बर्कलीचं हास स्कूल तर वर्षानुवर्षं कॅल्क्युलसच्या दोन टर्म मागत आलंय.

आमच्या मुलीने २०२२ च्या फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्टला सुरू होणाऱ्या सेमिस्टरला, कॉलेज सुरू केलं. पहिल्याच आठवड्यात काउन्सेलरची अपॉइंटमेंट झाली, अर्ध्या तासाची, त्यांनी प्लॅन काढून दिला, छापील कागद होता, त्यावर मॅथच्या रकान्यात स्टॅटिस्टिक्स लिहिलेलं आणि पुढे टिक. मी स्वतः तो कागद फ्रिजवर लावला होता. तिने स्टॅट्स घेतलं, ए मिळाला, आम्हाला आनंद झाला, मीच तिला म्हणाले की चला एकदाचं मॅथ सुटलं, आता अकाउंटिंग आणि इकॉनॉमिक्सकडे लक्ष दे. हे वाक्य मला आजही टोचतं. मी स्वतः बीकॉम, अकरावीला मॅथ्स आणि एसपी यातून एक घ्यायचं होतं तेव्हा मी सेक्रेटेरियल प्रॅक्टिस घेतलं होतं, त्यामुळे कॉमर्सला मॅथ्स लागत नाही हे माझ्या डोक्यात पंचवीस वर्षं घट्ट बसलेलं, आणि तेच मी नकळत तिच्या डोक्यात घातलं. इथली बिझनेसची डिग्री म्हणजे आपलं बीकॉम नाही हो, हे सगळ्या आईबाबांनी आधी समजून घेतलं पाहिजे.

दुसऱ्या वर्षी, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, यूसीचा फॉर्म भरायला बसलो तेव्हा तिच्या एका मैत्रिणीने विचारलं की तुझं कॅल्क्युलस कुठे आहे. कॅल्क्युलस? मग रात्री आम्ही तिघं लॅपटॉप उघडून असिस्टच्या साइटवर बसलो. असिस्ट म्हणजे कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांचे कोणते कोर्स कोणत्या यूसी किंवा सीएसयूत कशाच्या जागी धरले जातात याची अधिकृत जागा, तिथे आपलं कॉलेज टाकायचं, जायचं ती युनिव्हर्सिटी टाकायची, आणि मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, निवडायचा. हा मेजर निवडणं फार महत्त्वाचं, नुसतं जनरल एज्युकेशनचं पान बघितलं तर स्टॅट्सवर भागल्यासारखं दिसतं, मेजरचं पान उघडलं की खरी यादी दिसते. आमच्यासमोर ते पान पहिल्यांदा उघडलं तेव्हा तिचं एक वर्ष संपून दुसरं चालू होतं. ते पान पहिल्या आठवड्यात उघडायला पाच मिनिटं लागली असती.

आता कोणी म्हणेल की मग घ्यायचं ना कॅल्क्युलस, त्यात काय एवढं. तिथेच तर सगळी गोम आहे. कॅल्क्युलस एकटं येत नाही. आमच्या मुलीच्या वेळी त्याच्या आधी कॉलेज अल्जिब्रा किंवा प्रीकॅल्क्युलस लागायचं, ते झाल्याशिवाय कॅल्क्युलसला नाव घालता यायचं नाही, आणि जिथे कॅल्क्युलसचे दोन कोर्स हवेत तिथे पहिल्याशिवाय दुसरा नाही. अकाउंटिंग राहिलं तर इकॉनॉमिक्सबरोबर एकाच सेमिस्टरला घेऊन टाकता येतं, मॅथचं तसं नाही, ती एकामागे एक कडी असलेली साखळी आहे आणि प्रत्येक कडीला एक सेमिस्टर जातं. आणि शेवटची तारीख? फॉलला युनिव्हर्सिटीत जायचं असेल तर त्याच्या आधीच्या स्प्रिंगच्या, म्हणजे जानेवारीनंतरच्या सेमिस्टरच्या, शेवटापर्यंत सगळं पूर्ण पाहिजे. मधला समर धरून चालत नाही. मुलं नेहमी मनात म्हणतात एक राहिलं तर समरला करू, आमचीपण हेच म्हणाली होती.

म्हणून मी आता ज्याला त्याला सांगते की उलटं मोजा. ज्या फॉलला जायचंय तिथून मागे या. त्याच्या आधीच्या स्प्रिंगला शेवटचं मॅथ. समजा प्रीकॅल्क्युलस आणि दोन कॅल्क्युलस हवेत, तर दुसरं त्या स्प्रिंगला, पहिलं त्याच्या आधीच्या फॉलला, प्रीकॅल्क्युलस त्याच्याही आधीच्या स्प्रिंगला, आणि अल्जिब्रा कच्चं असेल तर ते पहिल्या फॉलला. मोजून बघा, चार सेमिस्टर भरली, म्हणजे पूर्ण दोन वर्षं! एकही मोकळी जागा नाही, एक कोर्स बिघडला की गाडी गेली. आमच्या मुलीने पहिली दोन सेमिस्टर मॅथच्या साखळीत हातच लावला नव्हता, कारण स्टॅट्स त्या साखळीत येतच नाही, ती वेगळी फांदी आहे. स्टॅट्समध्ये ए आहे म्हणून कॅल्क्युलसला कोणी बसू देत नाही.

मग आम्ही घाईत जे केलं ते कोणी करू नये म्हणून सांगते. फॉर्ममध्ये पुढे घेणार असलेले कोर्स दाखवता येतात, तसे दाखवले, आणि तिने विंटर सेशनला कॉलेज अल्जिब्रा घेतलं. विंटर सेशन म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीतले पाच-सहा आठवडे, जे सोळा आठवड्यांत शिकवतात तेच तेवढ्यात. ती पास झाली, सी मिळाला, पण काहीच मुरलं नाही, आज घोकलं उद्या परीक्षा परवा पुढचा धडा. त्याच पायावर स्प्रिंगला कॅल्क्युलस. मार्चपर्यंत तिला कळेना की तिला कॅल्क्युलस येत नाहीये की अल्जिब्रा येत नाहीये. ट्यूटरकडे गेली तेव्हा त्यांनी पहिल्या वीस मिनिटांत सांगितलं की डेरिव्हेटिव्हचे, म्हणजे बदलाचा दर काढायचे, नियम तुला येतायत, पण अपूर्णांकाचे घातांक आणि फॅक्टरिंगमध्ये तू अडकतेस. पण तोवर उशीर झाला होता. एप्रिलमध्ये तिने डब्ल्यू, म्हणजे विथड्रॉलचा शेरा, घेऊन कोर्स सोडला. युनिव्हर्सिटीला कळवावं लागतं हे, जानेवारीत एक अपडेटचा फॉर्म भरायचा असतो त्यात सगळे चालू कोर्स लिहिलेले असतात आणि नंतर काही बदललं तर लपवून चालत नाही, ते करूच नका. ज्या दोन बिझनेस स्कूलांना अर्ज केला होता त्या दोन्हींकडून नकार आला. कारण कोणी लिहून देत नाही, पण अट पूर्ण नव्हती हे आमचं आम्हालाच माहीत होतं.

डब्ल्यूबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे त्याची उगीच भीती आहे आणि जी भीती पाहिजे ती नाही. डब्ल्यूने जीपीए खाली येत नाही. नापास होण्यापेक्षा वेळेत डब्ल्यू घेतलेला बरा, हे मी आज ठामपणे म्हणते. पण कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत एक कोर्स साधारण तीनदाच घेता येतो आणि डब्ल्यू त्या तीनात मोजला जातो. आणि उलट बाजूने, सी मिळाला की यूसीच्या हिशोबात तो पास झाला, ग्रेड सुधारायला परत घेतला तरी ते नवी ग्रेड धरत नाहीत, डी किंवा एफ असेल तरच पुन्हा घेतलेला धरतात. म्हणजे घाईघाईत काढलेला सी कायमचा चिकटला. आमच्या मुलीच्या अल्जिब्राचं तेच झालं.

आता कोणतं कॅल्क्युलस, हा पुढचा गोंधळ. बहुतेक कॉलेजांत दोन प्रकार असतात. एक बिझनेस कॅल्क्युलस, त्यात ट्रिग्नॉमेट्री जवळपास नसते, उदाहरणं खर्च, मागणी, व्याज यांची असतात. दुसरं सायन्स आणि इंजिनिअरिंगवाल्यांचं कॅल्क्युलस वन, त्यात साइन-कॉस सगळं, सिद्धतापण जास्त, आणि पुढे टू, थ्री अशी मालिका. काही बिझनेस स्कूलांना पहिला प्रकार चालतो, काहींना दुसराच हवा, काही दोन्ही घेतात पण मिसळून नाही, एक टर्म इकडचं एक टर्म तिकडचं असं केलं की अडचण. मुलांना पाच-सहा ठिकाणी अर्ज करायचा असतो, म्हणून सगळ्या ठिकाणांची पानं शेजारी शेजारी ठेवून जे सगळ्यांना चालेल ते घ्यावं, मग ते अवघड असलं तरी. सोपं घेऊन अर्धे दरवाजे बंद करण्यात अर्थ नाही. आणि असिस्टवर कधी कधी एका ओळीसमोर येतं, नो कोर्स आर्टिक्युलेटेड. म्हणजे तुमच्या कॉलेजात त्या जागी धरला जाईल असा कोर्सच नाही. असं आलं तर घाबरायचं नाही, शेजारच्या कम्युनिटी कॉलेजात तो असू शकतो आणि तिथे जाऊन एक कोर्स घेता येतो, कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि ऑनलाइन वर्गही असतात. फक्त दोन टर्मची मालिका असेल तर ती शक्यतो एकाच कॉलेजात पुरी करावी, त्यातून एक कॉलेज सेमिस्टरचं आणि दुसरं डी अँझा किंवा फूटहिलसारखं क्वार्टरचं, म्हणजे छोट्या टर्मचं, असेल तर मुळीच तोडू नये, अर्धा धडा इथे राहतो आणि अर्धा तिथे होऊन गेलेला असतो.

माझ्या नणंदेचा मुलगा वॉशिंग्टन राज्यात आहे, त्याने सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या फॉस्टर स्कूलसाठी हेच सगळं केलं. तिकडे राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांत सारख्या कोर्सला सारखा नंबर आहे, बिझनेस कॅल्क्युलस म्हणजे मॅथ १४८, कुठल्याही कॉलेजात घ्या. बिझनेसला जाणाऱ्यांसाठी वेगळी ट्रान्सफर डिग्रीच आखून दिलेली आहे आणि त्यात कॅल्क्युलस पहिल्या दिवसापासून डोळ्यासमोर असतं. टेक्ससमध्येपण सामाईक नंबर आहेत, १३२४ म्हणजे बिझनेसवाल्यांचं मॅथ, १३२५ म्हणजे बिझनेसचं कॅल्क्युलस आणि २४१३ म्हणजे पूर्ण कॅल्क्युलस वन. नंबर सारखा असला म्हणजे प्रत्येक बिझनेस स्कूल तोच मागेल असं तिथेही नाही, पण निदान आपण कशाबद्दल बोलतोय हे तरी दोघांना कळतं. कॅलिफोर्नियात आत्ता कुठे सामाईक नंबरांचा कायदा २०२१ मध्ये झाला आणि २०२५ च्या फॉलपासून पहिले काही कोर्स आले, स्टॅट्स त्यातला एक. हे फार आधी व्हायला हवं होतं.

इथे एक प्रश्न मला बऱ्याच जणी विचारतात की बिझनेसला कॅल्क्युलस हवंच कशाला, दुकान चालवायला डेरिव्हेटिव्ह कोण काढतं. रागात असताना मीपण हेच म्हणायचे. आता म्हणत नाही. मुलगी दुसऱ्यांदा कॅल्क्युलसला बसली तेव्हा मी रोज रात्री तिच्याबरोबर जेवणाच्या टेबलावर बसायचे, तिने मला शिकवायचं असं आमचं ठरलं होतं, कारण समोरच्याला समजावलं की आपल्याला समजतं. तिने एक गणित घातलं, की रोज क्ष वस्तू विकल्या तर नफा १२०क्ष − २क्ष² − १००० डॉलर, मग किती विकाव्यात. मी एकेक आकडा घालून बघत बसले, २९ ला ७९८ आले, ३० ला ८००, ३१ ला पुन्हा ७९८. तिने एका ओळीत काढलं, डेरिव्हेटिव्ह १२० − ४क्ष, तो शून्य केला, क्ष बरोबर ३०. आणि मग म्हणाली आई, आकडा महत्त्वाचा नाही, इथे चढ संपून उतार सुरू होतो ते आधीच कळतं हे महत्त्वाचं, आणखी एक वस्तू विकून आपल्या हातात किती पडतं आणि आणखी एक करायला किती लागतं, ते दोन जिथे सारखे होतात तिथे थांबायचं. हेच तर इकॉनॉमिक्समधलं मार्जिनल कॉस्ट आणि मार्जिनल रेव्हेन्यू! एक वर्ष आधी तिने हेच शब्द पाठ करून पेपरात लिहिले होते आणि ए घेतला होता. आता फायनान्समध्ये व्याजाचा दर थोडा वाढला की बाँडची किंमत किती पडते हे शिकतात ते डेरिव्हेटिव्हच आहे, आणि स्टॅट्समध्ये जी रिग्रेशनची रेषा कॉम्प्युटर काढून देतो ती चुकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी कुठे होते ते शोधूनच काढतात, तेही कॅल्क्युलसनेच. तर बिझनेस स्कूलांनी कॅल्क्युलस मागणं मला योग्य वाटतं. माझी तक्रार मागण्याबद्दल नाही, वेळेवर न सांगण्याबद्दल आहे.

आणि ही तक्रार एका काउन्सेलरची पण नाही. तो कागद देणारी बाई मनापासून बोलत होती, तिच्यासमोर जो फॉर्म होता त्यात मॅथचा एकच रकाना होता, तो तिने भरला. त्यात कायद्याचापण भाग आहे. पूर्वी इथे मुलांना प्लेसमेंट टेस्ट देऊन खालच्या मॅथला बसवायचे, क्रेडिट न मिळणारे एकेक कोर्स करत मुलं वर्षानुवर्षं अडकायची आणि कित्येक जण सोडून जायचे. म्हणून २०१७ मध्ये एबी ७०५ नावाचा कायदा झाला, की हायस्कूलचे मार्क बघा आणि मुलांना थेट ट्रान्सफरच्या पातळीच्या मॅथला बसू द्या, एका वर्षात ते मॅथ पुरं होण्याची संधी मिळाली पाहिजे. मला हा कायदा मनापासून आवडतो. २०२२ मध्ये एबी १७०५ ने तो आणखी घट्ट केला. पण याचा एक परिणाम असा दिसतो की एका वर्षात एक ट्रान्सफर मॅथ पुरं करायचं म्हटलं की सगळ्यात सरळ रस्ता स्टॅट्सचा, आणि बिझनेसला जाणारी मुलंसुद्धा त्याच रस्त्याला लावली जातात. ज्याला सोशिऑलॉजी करायचंय त्याला तो रस्ता उत्तम. बिझनेसवाल्याला तो अर्धाच रस्ता आहे हे त्याला पहिल्या दिवशी सांगायला हवं. कॉलेजांना माझी विनंती एवढीच आहे की त्या छापील प्लॅनवर मॅथचे दोन रकाने करा, एक युनिव्हर्सिटीचं मॅथ, एक मेजरचं मॅथ. दुसरा रकाना रिकामा दिसला तर अठरा वर्षांचं पोरही विचारेल की इथे काय येणार.

आपल्या मराठी लोकांसाठी आणखी एक वेगळी गोष्ट. बारावी करून इथे येणारी मुलं असतात, लग्न होऊन आलेल्या मुली असतात ज्यांना पुन्हा शिकायचंय, मला अशा दोघी माहीत आहेत. बारावीला मॅथ्स होतं म्हणून इथलं कॅल्क्युलस माफ होईल असं धरून चालू नका, बाहेरच्या देशातले मार्क युनिव्हर्सिटी स्वतः तपासते आणि असिस्टवर त्यांचं काही नसतं. पण त्या मार्कांचा उपयोग नाही असंही नाही. प्रीकॅल्क्युलस तुम्हाला येतंय हे दाखवून थेट कॅल्क्युलसला बसता येतं, प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात प्रीरिक्विझिट चॅलेंज म्हणून अर्ज असतो, कागदपत्रं लावून तो भरायचा. एक पूर्ण सेमिस्टर वाचतं. इथे हायस्कूलला असलेल्या मुलांनी शक्य असेल तर तिथेच कॅल्क्युलस घ्यावं. एपीच्या, म्हणजे हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या, परीक्षेत पाचपैकी तीन किंवा वर आले तर यूसी युनिट देते, पण ते युनिट बिझनेस स्कूल आपल्या अटीत धरेल का हे प्रत्येक ठिकाणचं वेगळं असतं, ते त्यांच्या साइटवर बघायचं, ऐकीव सांगण्यावर जायचं नाही. समजा नाही धरलं, तरी ज्याने एकदा कॅल्क्युलस केलंय तो दुसऱ्यांदा बुडत नाही.

आमच्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते. ते जास्तीचं वर्ष तिला फार जड गेलं. बरोबरच्या मैत्रिणी गेल्या, सोशल मीडियावर त्यांचे होस्टेलचे फोटो, आणि ही त्याच पार्किंग लॉटमध्ये तिसऱ्या वर्षी गाडी लावत होती. नातेवाईक फोनवर विचारायचे, झालं का गं ट्रान्सफर. कृपया मुलांना असं विचारू नका. समर २०२४ मध्ये तिने कुठलाच कोर्स घेतला नाही, फक्त अल्जिब्रा पुन्हा पहिल्यापासून केलं, ग्रेडसाठी नाही, स्वतःसाठी, रोज दोन तास, ट्यूटरने दाखवून दिलेल्या नेमक्या त्या दोन-तीन जागा. फॉलला कॅल्क्युलस पुन्हा घेतलं. यावेळी वेळापत्रक बघून नाही तर सर बघून वर्ग निवडला, सकाळी सातचा होता. पाच युनिटच्या कोर्सला वर्गाबाहेर आठवड्याला दहा तास लागतात असं सगळीकडे सांगतात, म्हणजे युनिटमागे दोन, ते तिने पहिल्यांदाच खरंच दिले. कॉलेजचं मॅथ सेंटर फुकट असतं, तिथे ती गृहपाठ अडला की जायची असं नाही, गृहपाठच तिथे बसून करायची. बी मिळाला. त्या बीचा मला स्टॅट्सच्या एपेक्षा जास्त अभिमान आहे. स्प्रिंगला दुसरं कॅल्क्युलस चालू असतानाच एप्रिल २०२५ मध्ये बिझनेस स्कूलचा होकार आला आणि तिने ते दुसरंही पुरं केलं, कारण होकार आल्यावर चालू कोर्समध्ये घसरलं तर होकार परत घेऊ शकतात.

मंडळांना एक सांगणं आहे. आपल्याकडे गणेशोत्सवात, दिवाळीत एवढी मुलं जमतात, त्यात ट्रान्सफर होऊन गेलेली पण असतात. ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू व्हायच्या आधी त्यांना एक दिवस नवीन मुलांबरोबर बसवा, भाषण नको, फक्त लॅपटॉप आणि असिस्टचं मेजरचं पान. आमच्या मंडळात आम्ही हे या वर्षी जुलैच्या दुसऱ्या शनिवारी करतोय, माझी मुलगी येणार आहे आणि तिच्याबरोबर तो फ्रिजवरचा जुना कागदपण आहे, मी टाकून दिला नाही. ज्यांना यायचंय त्यांनी येताना आपल्या कॉलेजचा प्लॅन आणि ज्या ज्या युनिव्हर्सिटींना अर्ज करायचाय त्यांची नावं तेवढी लिहून आणावीत.

आपली नियमित वाचक,
एक आई, कॅलिफोर्निया